सोसायटीचा काटा

मालकी सगळ्यांची आणि काळजी कुणालाच नाही, अशा बऱ्याच वस्तू आमच्या सोसायटीत आहेत. काट्याचं नेमकं उलटं आहे. तो दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी स्वतःच्या पैशांनी आणलेला. पण जुलै लागला की त्यांच्या घरी तो नसतोच.

"वहिनी, काटा आहे का हो?"

"सी विंगमध्ये गेलाय. त्यांच्या नातवाचं शनिवारी आहे ना!"

शनिवारी काय आहे, हे कोथरूडमध्ये कुणी विचारत नाही. ऑगस्टात अमेरिका, सप्टेंबरात इंग्लंड-आयर्लंड, त्यामागोमाग जर्मनी, असा तिकडच्या विद्यापीठांच्या सत्रांवर काट्याचा हंगाम चालतो. बाहेर पाऊस, घरात दोरीवर न वाळलेले कपडे, हॉलमध्ये आ वासून पडलेल्या दोन बॅगा, आणि सोफ्याच्या हातावर हा.

दिसायला अगदी सामान्य. मुठीत मावेल एवढी काळी प्लॅस्टिकची दांडी, मधोमध बोटभर पडदा, दोन बटणं आणि खाली नायलॉनचा पट्टा. स्वतःचं वजन शंभरेक ग्रॅम आणि तोलायची ऐपत पन्नास किलोची. आधीच्या पिढीत हे काम स्प्रिंगचा ताणकाटा करायचा. रद्दीवाल्याकडे असतो तोच. स्प्रिंग वापरून वापरून सैल पडते आणि मग ताणकाटा वाटेल ते बोलू लागतो. याच्या पोटात स्प्रिंग नाही. धातूचा एक तुकडा आहे आणि त्यावर बारीक तारेची नक्षी असलेली पट्टी चिकटवलेली आहे. बॅग लटकली की तो तुकडा डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो, त्याच्याबरोबर पट्टी ताणली जाते, तारेतून जाणाऱ्या विजेला होणारा विरोध किंचित वाढतो आणि त्या किंचितवरून हा आकडा काढतो. ही पट्टी १९३८ साली सिमन्स आणि रूज या दोन अमेरिकनांनी एकमेकांना पत्ता नसताना शोधली. आपल्या शोधावर पुढे भाजणी तोलली जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

काटा वापरायचा म्हणजे पट्टा बॅगेच्या मुठीतून ओवायचा, कडी अडकवायची, दांडी दोन्ही हातांनी धरायची आणि श्वास रोखून बॅग जमिनीवरून उचलायची. पडद्यावर आकडे नाचू लागतात. २५.८, २६.९, २६.१. बघणारा प्रत्येक जण त्यातला आपल्या सोयीचा आकडा मोठ्यानं वाचतो. तोवर उचलणाऱ्याचे हात थरथरायला लागलेले असतात. मग एक 'टुक' होतं, आकडा थिजतो आणि खोलीतले सगळे गप्प होतात.

२६.४.

हवेत २३. अमेरिकेला जाणाऱ्याला बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा, युरोपला जाणाऱ्याला बऱ्याचदा एकच. पैसे भरले तर ३२ पर्यंत नेता येतं. त्यापलीकडची बॅग मात्र पैसे मोजूनही साधारणपणे घेत नाहीत, कारण विमानाच्या पोटात ती कुणाला तरी हातांनी चढवायची असते आणि त्या माणसाच्या पाठीचा हा हिशेब आहे. हे समजल्यावर ३२ चा राग येत नाही. २३ चा मात्र येतो. त्यात रिकामी बॅगच चार-पाच किलोची. म्हणजे मजबूत बॅग घ्या, मजबूत बॅग घ्या, असा आग्रह धरणाऱ्या मामांनी पहिले चार-पाच किलो आधीच खाल्लेले असतात. दुसरं बटण चुकून दाबलं गेलं की काटा पौंडात बोलू लागतो आणि ५०.७ हा आकडा बघून आजी मटकन खाली बसतात. ते २३ किलोच असतात. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या कंपन्या २३ किलोच्या शेजारी ५० पौंड लिहितात, आणि ५० पौंड म्हणजे पुरते २३ भरत नाहीत, तीनशेवीस ग्रॅम कमी पडतात. तेवढ्यात मेतकुटाची एक पुडी जाते.

काट्याचा स्वभाव तटस्थ. त्याला कशाचंच सोयरसुतक नाही. सुकं खोबरं विमानात चालत नाही, कारण तेलकट असल्यामुळे ते आपोआप पेटू शकणाऱ्या मालात मोडतं. पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवायची नाही, ती जवळच बाळगायची. ताजा कढीपत्ता अमेरिकेत उतरून घेत नाहीत. यातलं काहीही काटा सांगत नाही. खोबरं असो, कढीपत्ता असो की देवघरातला बाळकृष्ण, तो फक्त किती ते सांगतो.

आणि इथेच त्याच्यावर अन्याय होतो. तो फक्त किती ते सांगतो. काय काढायचं हे माणसं ठरवतात आणि नाव त्याचं घेतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या वेळी मी समोरच बसलो होतो. या बॅगेतलं त्या बॅगेत करून झालं होतं, तरी एक बॅग २४.१ च्या खाली यायला तयार नव्हती. मुलानं बॅग उघडली आणि तळातून टॉवेलात गुंडाळलेला पोळपाट अलगद बाहेर काढला.

"आई, काटा नाही म्हणतोय."

"अरे, किलोभराचा तर आहे."

"किलोभरच जास्त होतंय ना."

आईनं पोळपाट हातात घेतला, टॉवेल सोडवला, त्याची नीट घडी घातली. "लाटणं तरी राहू दे," म्हणाल्या. लाटणं राहिलं. पोळपाटाशिवाय लाटणं घेऊन तो मुलगा तिकडे काय करणार होता, हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. त्याच बॅगेत बुटांचे तीन जोड होते. काट्यानं पोळपाटाचं नाव घेतलं नव्हतं. तो २४.१ म्हणाला होता, एवढंच.

पण आयाही काही कमी नसतात. बाबांनी हौसेनं दिलेला जाडजूड शब्दकोश पहिल्याच फेरीत बाहेर येतो. "मोबाइलवर सगळं असतं हो, आणि काटा बघा ना." सुनेला सासूबाईंनी दिलेली पितळी समई काट्यामुळे राहते. सासूबाईंनाही खरं कारण कळतं, पण काट्याशी भांडणार कसं? त्याच्यावर ढकललं की कुणाचं कुणाशी वाकडं येत नाही. माझ्या मते वहिनींच्या त्या यंत्रानं आमच्या सोसायटीतली निम्मी भांडणं वाचवली आहेत.

सगळ्यात मोठी सेवा तो पार्सलांच्या बाबतीत करतो. कुणी अमेरिकेला निघालं की ही बातमी पिशव्या धरून माणसं आणते. "आमची धाकटी न्यू जर्सीलाच असते. फार काही नाही, थोडे अनारसे, थोडा गोडा मसाला आणि बाळासाठी एक दुपटं." मुलगा निघालेला टेक्सासला. तरी पिशवी येतेच, आणि 'फार काही नाही'चे अडीच किलो भरतात. तोंडावर नाही म्हणायची आपली रीत नाही. मग काटा आणला जातो, पाहुण्यांच्या देखत बॅग उचलली जाते, 'टुक' होतं. पाहुणे स्वतः वाकून आकडा वाचतात आणि स्वतःच म्हणतात, "नको नको, त्याला कशाला त्रास." चहा होतो. दुपटं तेवढं ठेवून घेतात.

याला फसवता येत नाही असंही नाही. बॅग उचलताना गुडघ्याचा हळूच टेकू दिला की किलो-दीड किलो सहज उतरतं. एका गृहस्थांना मी अशा रीतीनं सव्वीसाचे बावीस करताना पाहिलंय. चेहरा असा, की प्रामाणिकपणाचा पुतळाच. काट्याची तक्रार नव्हती. त्याच्यावर जेवढं टांगलं तेवढं त्यानं सांगितलं. त्यांच्या मुलीची तक्रार होती, कारण मुंबई विमानतळाच्या फरशीवर उकिडवं बसून, मागे रांग उभी असताना, लाडवांचा डबा कुठे कोंबायचा हे तिला ठरवायचं होतं. तिथल्या काउंटरचा काटा जमिनीवर पट्ट्याखाली बसलेला असतो. त्याला गुडघा लावायची सोय नाही. शेवटी डबा बाबांबरोबर पुण्याला परत आला आणि आम्हा सगळ्यांना एकेक लाडू मिळाला. बेसनाचे होते. उत्तम झाले होते.

जे मोठ्या बॅगेत मावत नाही ते हातातल्या बॅगेत जातं. तिथे मर्यादा सातेक किलोची आणि लॅपटॉपच दोनाचा. तिथूनही उरतं ते अंगावर चढतं. ऑगस्टमधल्या उकाड्यात जाड जॅकेट घालून, खिशांत चार्जर आणि बॅटऱ्या भरून, घामाघूम होत कॅबमध्ये बसणारी मुलं मी दर वर्षी पाहतो. जॅकेटला काटा लावलेला मात्र कधी पाहिला नाही.

हंगाम संपला, दसरा झाला, की काटा वहिनींकडे परततो. येताना त्याचा सेल संपलेला असतो. पडद्यावर 'एलओ' एवढंच दिसतं. नवा सेल नेहमी वहिनीच आणतात, त्याबद्दल कुणी बोलत नाही. मग दिवाळीच्या साफसफाईत त्याला वर्षातलं दुसरं काम लागतं. मुलं गेलेल्या घरांतून परीक्षांची जाडी पुस्तकं, क्लासच्या नोट्स, वर्तमानपत्रं दारात येतात. रद्दीवाला आपल्या ताणकाट्यावर गठ्ठा लटकवतो आणि नऊ किलो म्हणतो. वहिनी आतून हा घेऊन येतात. पट्टा सुतळीत अडकवतात, उचलतात, 'टुक'.

"अकरा सहाशे."

रद्दीवाला पडद्याकडे बघतो, वहिनींकडे बघतो. "ताई, तो विमानाचा काटा हाय," तो शांतपणे सांगतो, "रद्दीला चालत नाय."

मग दोघांत दहावर तोडपाणी होतं.