जेमतेम दीड मिलिमीटर

१८ मे

सासवडच्या अलीकडे एका बांधावर फड्या निवडुंगाची रांग आहे. उन्हाने फडे सुरकुतलेत आणि त्यांच्यावर जागोजाग पांढरे लोकरी पुंजके. शेतमालक बैल सोडून बघायला आले. “बुरशी लागलीय त्याला, ताई. त्याचा कसला फोटू काढताय?” मी काडीने एक पुंजका दाबला. काडीचं टोक किरमिजी झालं. ते म्हणाले, “आरं तिच्या! रगात हाय का काय?”

रक्त नव्हे, किड्याच्या अंगातलं कार्मिनिक आम्ल. लोकरीखाली बिनपंखांची मादी सोंड फड्यात खुपसून बसलेली असते, जन्मभर तिथेच. मेक्सिकोत आणि पेरूत याच कुळातल्या एका किड्यापासून रंग काढतात. तो लिपस्टिकमध्ये आणि खाण्याच्या पदार्थांत अजूनही पडतो. त्या रंगाच्या व्यापारासाठी ईस्ट इंडिया कंपनीने धडपड केली होती. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन ब्राझीलहून किडे घेऊन कलकत्त्याला आला, पण ते निघाले हलक्या जातीचे. रंगाचा धंदा बसला नाही. किड्यांनी मात्र तिकडचा निवडुंग फस्त केला. इकडच्या फड्या निवडुंगाला त्यांनी तोंड लावलं नाही, म्हणून पुढे १९२६ मध्ये वेगळी जात मुद्दाम आणून सोडली. बांधावरची ही बहुतेक तिचीच वंशावळ.

हे सगळं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, “मग आता निवडुंग मरंल का?” थोडा मरेल, म्हटलं. “मरू द्या,” म्हणाले आणि बैलांकडे गेले.

मला माद्यांपेक्षा पिल्लं हवी होती. ती मिलिमीटरभराचीही नसतात. पाठीवर मेणाचे लांब तंतू फुटतात, पिल्लू फड्याच्या कडेवर चढतं आणि वाऱ्यावर स्वतःला सोडून देतं. त्यासाठी वारा लागतो आणि मला लागते स्थिरता. दोघांचं जमलं नाही. एका फ्रेममध्ये कडेवर थांबलेलं एक पिल्लू आहे, तंतू उजेडात पेटलेले. बस्स.

९ जून

ढग आलेत, पाऊस नाही. असा पसरलेला उजेड गच्चीवर वर्षातून थोडेच दिवस मिळतो. एचेव्हेरियाच्या कुंडीपुढे मांडी ठोकून बसले. तिच्या पानांवर पिठूळ मेणाचा थर असतो, निळसर-करडा. ऊन परतवतो, पाणी टिकू देत नाही. बोट लागलं की त्या जागी ठसा उमटतो आणि त्या पानावर तो कायमचा राहतो. थर परत येत नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या प्रत्येक रोपावर कुणाचे ना कुणाचे अंगठे असतात. उघड्या डोळ्यांना ते जाणवत नाहीत, मॅक्रो लेन्समधून दुसरं काही दिसतच नाही.

नव्याने शिकणाऱ्या भाचीसाठी इथेच लिहून ठेवते. १:१ म्हणजे वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर. अशा वेळी एफ ११ ठेवलं तरी स्पष्ट दिसणारी जाडी जेमतेम दीड मिलिमीटर. छिद्र आणखी बारीक करावं तर विवर्तन आडवं येतं आणि सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणजे फोटो काढणं म्हणजे ते दीड मिलिमीटर कुठे खर्च करायचे ते ठरवणं. किडा असेल तर डोळ्यांवर, हे सगळेच सांगतात. काट्यांचं तसं नाही. काटा ज्या लोकरी गादीतून फुटतो तिथे की टोकावर? मी गादीवर ठेवते. ती गादी फक्त कॅक्टसलाच असते. बांधावरच्या त्रिधारी निवडुंगाला काटे आहेत, चीक आहे, पण ही गादी नाही. तो एरंडाच्या कुळातला.

फोकस थोडा थोडा सरकवत फोटो घ्यायचे आणि संगणकावर एकात एक बसवायचे, म्हणजे सगळंच लख्ख, हा उपाय आहेच. कॅक्टसपुरता मलाही चालतो. तो हलत नाही. किड्यांसाठी मात्र लोक त्यांना फ्रिजमध्ये गारठवून आणतात. ते फोटो मला लगेच ओळखू येतात, पाय चुकीच्या जागी दुमडलेले असतात.

२१ जून

मॅमिलेरियाच्या काट्यांत पिठ्या ढेकूण. वरच्या मजल्यावरच्या काकू वाळवण उचलायला गच्चीवर आल्या होत्या. “अगं, औषध मार त्यावर, माझा जास्वंद असाच गेला.” फवारणी करायचीच होती, त्याआधी दोन फोटो म्हणून कॅमेरा लावला. बटर पेपरचा डिफ्यूझर, हातात फ्लॅश.

पिठ्या ढेकणांच्या घोळक्यात एक जरा मोठा होता, त्याचे मेणाचे झुपके लांब आणि विस्कटलेले. बाकीचे जागचे हलत नव्हते, हा तुरुतुरु पळत होता. पडद्यावर मोठं करून पाहिलं तर त्याच्या तोंडात शेजारी. ही क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी. मूळची ऑस्ट्रेलियाची, भारतात १८९८ मध्ये आणलेली. आपल्याकडचे द्राक्षबागाईतदार तिला चांगले ओळखतात. पोशाख भक्ष्याचाच, त्यामुळे राखणीच्या मुंग्याही फसतात असं म्हणतात. इथे एक मुंगी तिच्या अंगावरून पलीकडे गेली, थांबली नाही.

काकूंना फोटो दाखवला. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिला. “म्हणजे औषध मारलं असतं तर हीच आधी मेली असती.” मग म्हणाल्या, “माझ्या जास्वंदावर सोड की एक.”

४ जुलै

खालच्या मजल्यावर ब्रह्मकमळ फुललं, एका वेळी सहा. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, सूर्यफुलाच्या कुळातलं. आपल्या गॅलऱ्यांमधलं हे मध्य अमेरिकेतलं झाडावर वाढणारं कॅक्टस. ज्याला पान समजून आपण कुंडीत खोचतो तो चपटा दांडा, म्हणून कळी त्याच्या कडेतून निघते. नऊनंतर पाकळ्या सुटायला लागल्या. निरांजन आलं, पेढे आले, सगळी इमारत जिन्यात.

मला मधोमध वर आलेला स्त्रीकेसर हवा होता. त्याचं टोक चांदणीसारखं फाकतं आणि भोवती पुंकेसरांची दाटी. निरांजनाच्या उजेडात पांढरा रंग पिवळा पडतो, तो तसाच ठेवला. हे फूल मोठ्या, लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी घडलेलं आहे. बारापर्यंत थांबले. दोन चिलटं आणि एक पाल आली. या झाडाला आपल्याकडे फळ धरलेलं मी पाहिलेलं नाही. आम्ही सगळे जण एकमेकांना पान देत ते वाढवत आलोय. पतंगाचं काम सोसायटीने घेतलंय म्हणायचं.

२ ऑगस्ट

पाऊस. लेन्सवर बुरशी येऊ नये म्हणून डब्यात सिलिका जेल बदललं. एका स्पर्धेचा अर्ज आलाय. विभाग दोन: वनस्पती आणि कीटक. माझ्या या वर्षीच्या बऱ्या फ्रेम कुठल्या विभागात टाकू? अर्ज बाजूला ठेवला.

१४ सप्टेंबर

जुन्नरकडचा एक कडा. नाव इथेही लिहीत नाही आणि फोटोतलं स्थळ कॅमेऱ्यात आधीच बंद केलंय. गेल्या वर्षी दुसऱ्या एका पठारावर फुलाच्या फोटोसाठी लोकांनी शेजारची रोपं बसून चिरडलेली पाहिली, तेव्हापासून हा नियम.

कातळाच्या भेगेतून लोंबणारी शिंदळ माकुडी. मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या नावावरून १८६० च्या दशकात डाल्झेलने हिचं नाव फ्रेरिया ठेवलं. जगात फक्त महाराष्ट्रात. हिच्या भाऊबंदांना, म्हणजे माकडशिंगासारख्यांना, मांसल दांडेच असतात. हिला पावसाळ्यात चांगली रुंद पानं येतात आणि उन्हाळ्यात गळतात. फूल रुपयाएवढं, गडद तांबडं, त्यावर पिवळे डाग आणि पाकळ्यांच्या कडांना केस. वाऱ्याने केस हलले की फूलच हलल्याचा भास होतो.

पोटावर झोपले. खाली दरी, म्हणून ट्रायपॉडचा पाय आणि माझा पट्टा दोन्ही सोबत्याच्या हातात. “सरकू नकोस हां,” एवढंच तो अधूनमधून म्हणत होता. तासाभराने एक माशी आली, घरातल्या माशीहून लहान. फुलाच्या मध्यावर सोंड टेकवत फिरली. या कुळात पराग सुटे नसतात. परागपुंजांची जोडी एका चिमट्याला लटकलेली असते आणि माशीची सोंड खाचेत अडकली की चिमटा तिला लागतो. माशीने मागे झटका दिला, पुन्हा दिला आणि सुटली. पाकळीच्या कडेवर बसून पुढच्या पायांनी तोंड पुसायला लागली. सोंडेला पिवळा ठिपका. दीड मिलिमीटर त्या ठिपक्यावर ठेवले. डोळे धूसर झाले, होऊ दिले.

वाकून पाहत राहिले तर मान आखडते, श्वास रोखला तर कॅमेरा हृदयाच्या ठोक्यावर हलतो. श्वास अर्धा सोडून बटण दाबायचं.

१६ सप्टेंबर

फोटो विद्यापीठातल्या मैत्रिणीला पाठवला. फोनवर म्हणाली, “चिमटा झकास आलाय गं. पण माशी कुठली ते कसं सांगू? पंखांच्या शिरा दिसायला हव्यात. तू पंख सगळे पुसून टाकलेस.”

पंख सोंडेपासून चार मिलिमीटर मागे. दोन्ही एका फ्रेममध्ये लख्ख यायचे तर माशीने कॅमेऱ्याला समांतर, आडवं बसायला हवं. कड्यावर तशी जागा डाव्या बाजूच्या फुलाकडे आहे, पण तिथे झोपायचं तर दोर लागेल. सोबत्याला विचारलं. रविवारी जमेल म्हणाला, दोर त्याच्याकडे आहे.