जनावर बघताना

पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत आमचे आबा बैल बघायला निघाले की मी त्यांच्या मागं असायचो. आधी ते खोंडाला चालवून बघत, मग जबडा उघडून दात, मग खूर, शेवटी अंगावरचे भोवरे. सौदा उपरण्याखाली, बोटं दाबून व्हायचा. आमच्या मेढ्यात खिल्लार जोडी आली की आळीतली माणसं बघायला जमत.

खिल्लार मूळचं माणदेशाचं. आटपाडी, म्हसवडच्या कोरड्या माळावर घडलेलं, कडब्यावर निभावणारं, चालीला चपळ. तिथं त्याला तोड नाही. आमच्या जावळीत मात्र जूनपासून पावसाची झड लागते आणि भाताच्या खाचरात गुडघाभर चिखल होतो. चिखलणी उरकेपर्यंत बैलांच्या खुरांच्या बेचक्यात जखमा होत. आजी रोज संध्याकाळी त्यात हळद-तेल भरायची.

आमचे अण्णा मुंबईची माथाडीची नोकरी संपवून गावी आले आणि गोठ्यात संकरित होल्स्टिन गाय आली. दुधाच्या पैशांवर आमची शिक्षणं झाली, हे मी विसरत नाही. पण ती गाय डोंगरात चरायला जायची नाही. पेंड विकतची, गोठा कोरडा हवा, आणि गोऱ्हा झाला तर त्याचं करायचं काय, हा प्रश्न दर वेताला.

पुढं अकोले तालुक्यात राजूरकडे डांगी गाय बघितली. तिच्या पाठीवरून हात फिरवला तर तळव्याला तेलकटपणा लागला. त्या तेलकट कातडीवरून पाऊस निथळून जातो. खूर काळे, कठीण. दूध बेताचं, पण भातखाचरासाठीच घडलेली ही जात. सह्याद्रीचा तोच पाऊस, त्याच उतारांची शेती. आबा पूर्वेला माणदेशात जे शोधत होते ते उत्तरेला होतं.

घोड्याचंही तसंच. उंच काठेवाडी, मारवाडी घोडी वरातीत शोभतात. आमच्या वरच्या तुकड्यावर गाडी जात नाही. तिथं शेणखत न्यायला धनगरांबरोबर ओझं वाहत फिरणारं भीमथडी तट्टूच बरं. बुटकं, काटक, थोडक्यात भागणारं. त्याची आता स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली आहे.

तुम्ही जनावर घेणार असाल तर यात्रेत सजवलेलं बघून इसार देऊ नका. श्रावणात, भर पावसात, त्याच्या मूळ गोठ्यावर जा आणि आधी खूर बघा.