किनाऱ्यातला अर्धा र

आमच्या सासूबाईंच्या वहीत घराण्यातले जन्म, लग्ने, मृत्यू आणि मलिद्याचे प्रमाण असे सारे एकाच शाईने लिहिलेले आहे. इस्राएलातील भाच्यांपर्यंत ती पोहोचावी म्हणून गेल्या वर्षी येथे सिंगापुरात आम्ही ती संगणकावर उतरवू लागलो.

पहिल्याच पानावर अडलो. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर लागले, ही कथा तेथे आहे. संगणकाने उमटवले ‘किनार्यावर’. आपणा मराठी शिकलेल्यांना हा रफार डोळ्यांत खुपतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. या दोहोंत गल्लत झाली तर आपले गलबत डोंगरात फुटायचे!

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. तीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. साध्या र चा २३५२, आणि खाली टिंब असलेल्या ऱ चा २३५३. हा दुसरा ऱ द्राविडी भाषांतील र दाखवण्यासाठी ठेवला. त्याचेच अर्धे रूप म्हणजे आपला किनाऱ्यातला आडवा र. तामिळ येथील चार राजभाषांपैकी एक, रोज फलकांवर दिसते. तिच्यासारख्यांसाठी ठेवलेला र आपल्या कामी आला, याची मौज वाटली.

दुसरीही युक्ती आहे. साधा र, हलंत आणि ८२०५ क्रमांकाचे न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र वेगळे. उद्या कोणी नाव शोधले आणि ते दुसऱ्या रीतीने टाइप केलेले असले, तर ‘नाही’ असे उत्तर यायचे. म्हणून आम्ही सगळीकडे पहिलीच रीत ठेवली.

चिन्हाची किंमत परिचारिकेला कोणी शिकवायला नको. थायरॉक्सिनची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये देतात. घाईच्या हस्ताक्षरात ग्रीक म्यू हा इंग्रजी एम वाटला, तर मात्रा हजारपट होते. म्हणून तो शब्द पूर्ण लिहावा हे बरे. युनिकोडात हा म्यूदेखील दोनदा आहे. मायक्रोचा १८१, ग्रीक अक्षराचा ९५६. चेहरा तोच.

हिब्रू नावे आली तेव्हा आणखी गंमत. हिब्रू उजवीकडून डावीकडे चालते. त्या नावापुढे इंग्रजी आकड्यांत साल घातले की ते उडी मारून नावाच्या डावीकडे जाऊन बसते. मराठी आकडे जागचे हलत नाहीत, कारण त्यांची दिशा पक्की डावीकडून उजवीकडे मानलेली आहे. इंग्रजी आकडेच हवे असतील तर मध्ये ८२०६ क्रमांकाचे अदृश्य चिन्ह घालावे. वेबपानाच्या मजकुरात आधी &, मग #, मग क्रमांक आणि शेवटी अर्धविराम असे ते लिहितात; तेथे क्रमांक मात्र इंग्रजी आकड्यांतच लागतो.

जन्मांच्या यादीत तीन ठिकाणी नाव नाही, नुसते पोकळ वर्तुळ आहे. नाव ठेवण्याआधीच गेलेली ती मुले. आमची नोकरी प्रसूतीच्या वॉर्डात झाली, तेव्हा कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. त्या वर्तुळालाही क्रमांक आहे, ९६७५. तो घातला आहे. शेजारी काही लिहावे की नाही, हे अश्दोदच्या वडील नणंदबाईंना विचारले आहे. त्यांचे पत्र यायचे आहे.