काडेपेटीवरचा कंदील

महालात गांधीगेटजवळ आमचे बिऱ्हाड होते, त्या दिवसांत मला काडेपेटीवरची चित्रे जमविण्याचा छंद जडला. पेटी तेव्हा लाकडाच्या पातळ सालीची असे. ती पाण्यात घातली की खळ सुटून चित्र अलगद हाती येई. कंदील, कात्री, किल्ली, सायकल... दोन बोटे रुंदीच्या कागदावर आमच्याच घरातल्या वस्तू! अंबरनाथच्या विमको कारखान्याची छपाई नेटकी. पण मला शिवकाशीचीच चित्रे आवडत, रंग रेषेबाहेर सांडलेला असला तरी.

एका पावसाळी रात्री वीज गेली. धाकटा भाऊ तापाने फणफणला होता आणि अंधारात औषधाची बाटली सापडेना. काड्या मी फळीवर कोरड्या ठेवल्या होत्या. परंतु पेटी पाण्यात! तांबडा फॉस्फरस असतो तो पेटीच्या बाजूला, काडीच्या गुलात नव्हे, हे ज्ञान मला त्या रात्री झाले. वडील भिजत शेजाऱ्यांकडे गेले. मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. तेच अधिक लागले.

पुढची पेटी आणली तेव्हा त्यांनी घासायच्या दोन्ही पट्ट्या कापून काड्यांसह डब्यात ठेवल्या आणि उरलेली पेटी माझ्या हाती दिली.

आता चित्र थेट पुठ्ठ्यावरच छापतात. डिसेंबर २०२१ मध्ये एक रुपयाची पेटी दोन रुपयांची झाली, तेव्हा मी ती वही पुन्हा काढली. कंदिलाच्या चित्राचा एक कोपरा फाटलेला आहे. त्या रात्री चाचपडत मी पाण्यातून घाईने ओढली, ती पेटी त्याचीच होती.