उथळ तळं, भरपूर मासे

मैत्रिणींनो, अमेरिकेत टेनेसीकडे तुमचं कुणी राहतं का? सुट्टीत होडीतून मासे धरायला जायचं, तर मोठं, खोल धरणच हवं असं नाही बरं का! ब्लूगिल तळहाताएवढा, क्रॅपी त्याहून थोडा मोठा. दोघांनाही बुडालेल्या झाडांचा आडोसा आवडतो.

माझी धाकटी जाऊ मेम्फिसला असते. तिथून दोन-अडीच तासांवर रीलफूट तळं आहे. १८११-१२ च्या भूकंपांत जमीन खचली, पाणी भरलं नि जंगल बुडालं. म्हणून खोली सरासरी पाचच फूट, आणि पाण्याखाली सायप्रसचे बुंधे. माशांचं ते घर, पण होडीला धोका. सपाट तळाची होडी घ्यावी, हळू चालवावी.

मे महिन्यात ब्लूगिल अंडी घालायला उथळ पाण्यात येतात. गळाला रातकिडा लावला की मुलांनाही मासा मिळतो. क्रॅपीला मात्र बारकी जिवंत मासोळी हवी. तेरा वर्षांपासून पुढे परवाना लागतो.

बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना चालत्या होडीत लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. आपणही घालावं. पाच फूट पाणीसुद्धा लेकराच्या डोक्यावरून जातं!