दोन पेडगावे आणि दोन ग्रहणे

माझे गाव पेडगाव. हे नाव उच्चारले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटलेच म्हणून समजा. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण ज्या पेडगावाशी जोडतात ते श्रीगोंदे तालुक्यातले, भीमेकाठचे, बहादूरगडाचे. आमचे परभणी जिल्ह्यातले. परभणीहून आगगाडीने मानवत रोडकडे निघालात तर वाटेत लागणारे. पण म्हणीला नकाशा दाखवून उपयोग नसतो. नाव एक झाले की लोक गावेही एक करून टाकतात.

ग्रहणांच्या बाबतीतही आपण हेच केले आहे. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. १८६८ साली लॉकियरसाहेबाने येथूनच सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम शोधून काढला, असे कौतुकाने सांगतात. ऐकायला मोठे गोड वाटते. परंतु नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. १८६८ साली ते इंग्लंडात युद्धखात्यात कारकुनी करीत होते आणि उरलेल्या वेळात आपल्या दुर्बिणीशी खेळत होते. तीस वर्षांच्या अंतराने झालेली दोन ग्रहणे लोकांच्या बोलण्यात एक झाली, दोन पेडगावांसारखीच!

हे इतके ठामपणे सांगता येते याचे श्रेय पत्रांना आहे. त्या काळच्या शास्त्रज्ञांना पत्रे लिहिण्याची दांडगी सवय होती, आणि पत्रावर ते तारीख घालीत.

१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला फ्रान्सचे पिएर जान्सेन आंध्रात गुंटूरला तळ देऊन बसले होते. आपल्या जवळपास म्हणाल, तर जमखिंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल होते. विख्यात ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांचे हे चिरंजीव. विजापुरास कॅप्टन हेग होते. सूर्याच्या कडेवरच्या लाल ज्वाळांचा प्रकाश त्रिकोणी काचेतून फोडला, तेव्हा त्यात लखलखीत रेघा दिसल्या. म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या होत्या. जान्सेनना वाटले, या रेघा एवढ्या तेजस्वी आहेत तर ग्रहणाची वाट कशाला पाहायची? दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या पाहिल्या!

आज असे काही घडले तर पाचव्या मिनिटाला जगभर बोभाटा होईल. जान्सेननी महिनाभर आपले वेध तपासले आणि १९ सप्टेंबरला काकिनाड्याहून पॅरिसच्या विज्ञान अकादमीला पत्र लिहिले. सुएझचा कालवा खुला व्हायला अजून वर्ष होते. टपाल सुएझला उतरायचे, रेल्वेने मिसर ओलांडायचे आणि पुन्हा बोटीत चढायचे. ते पत्र असे वाटेवर असताना, २० ऑक्टोबरला, लॉकियरांनी इंग्लंडात बसून हीच युक्ती स्वतंत्रपणे साधली. त्यांचीही वार्ता पत्राने पॅरिसला गेली. २६ ऑक्टोबर १८६८ रोजी अकादमीच्या एकाच बैठकीत दोघांचे निवेदन पुढे आले.

आता येथे केवढे भांडण व्हायला हवे होते! एक फ्रेंच, एक इंग्रज, आणि शोध एकच. पण तारखा समोर होत्या. कोणी कोणाचे चोरले नाही, हे उघड होते. श्रेय दोघांत वाटले गेले. पुढे १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने पदक काढले, त्यावर दोघांचे मुखवटे शेजारी शेजारी कोरलेले आहेत.

राहता राहिली एक पिवळी रेघ. ती सोडियमची नव्हे हे लॉकियरांनी ओळखले आणि नव्या मूलद्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटले. पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. १८९५ साली ब्रिटिश म्युझियममधले मायर्स यांनी विल्यम रॅम्झे यांना एक पत्र लिहिले : अमेरिकेत हिलेब्रँड यांना युरेनियमच्या खनिजातून कसलासा वायू मिळाला आहे, जरा पाहा. हिलेब्रँड त्याला नायट्रोजन समजले होते. रॅम्झेंनी पाहिले आणि खातरजमेसाठी नमुना क्रुक्स यांच्याकडे पाठवला. तीच पिवळी रेघ! सत्तावीस वर्षे केवळ सूर्यावर असलेला वायू एका पत्राच्या बोटाला धरून पृथ्वीवर उतरला.

आणि १८९८? त्या दिवशीची सावली विजयदुर्गाहून ईशान्येकडे धावली. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांचे तळ होते. वर्ध्याकडे पुलगावलाही इंग्रज ज्योतिर्विद बसले होते. नकाशावर जेऊर आणि पुलगाव रेघेने जोडून पाहा. ती रेघ परभणीच्या अगदी जवळून जाते. म्हणजे भर दुपारी पेडगावावर अंधार पडला असणार, पाखरे झाडांकडे परतली असणार, माणसे देव आठवीत उभी राहिली असणार.

‘असणार’! हाच शब्द मला बोचतो. जेऊरचे वेध नायगमवालांनी लिहून काढले, ते ग्रंथरूपाने छापले गेले. आमच्या गावच्या त्या मिनिटांविषयी मात्र कोणाचे चिटोरेही माझ्या हाती नाही. पाहणारे डोळे तेथेही होते. लेखणी तेवढी नव्हती.

म्हणून वाचकहो, एक विनंती. या दिवाळीत घर आवरताना जुन्या पत्रांचा गठ्ठा सापडला, तर तो रद्दीच्या तराजूत टाकण्याआधी तारखा तेवढ्या पाहा. आणि गावाकडे कोणी म्हातारे माणूस काही सांगू लागले, तर ते एका कागदावर उतरवून घ्या. खाली दिवस घाला, गावाचे नाव घाला. गाव पेडगाव असेल, तर तालुका आणि जिल्हा घालायला विसरू नका.