जुन्या इंजिनाचे बळ

वडिलांमागे त्यांची ३५० सी. सी.ची जुनी बुलेट आम्हांकडे आली. मुंबई–अहमदाबाद महामार्गावर नव्या गाड्या तिला सहज मागे टाकीत. तेव्हा तिचे बळ व फेरे वाढवून घ्यावे, असा हव्यास आम्हांस जडला. वसईतील पापडीच्या एका वृद्ध मिस्त्रींपुढे आम्ही तो बोलून दाखविला. ते म्हणाले, "साहेब, हिचा स्ट्रोक लांब, फार पळवाल तर फुटेल."

आम्ही हिशेब मांडला. दर फेऱ्यास पिस्टन ९० मिलिमीटर वर व तितकाच खाली जातो. मिनिटास ५,००० फेरे धरिले तर ही धाव ९०० मीटर होते. तेच फेरे ६,००० केल्यास पिस्टनच्या जडत्वाचा ताण जवळजवळ दीडपट वाढतो. आम्ही निरुत्तर झालो.

मिस्त्रींनी कार्ब्युरेटर धुतला, हवेचा फिल्टर बदलला, पॉइंट साफ केले, टॅपेट व ठिणगीची वेळ जुळविली. किल्ल्याच्या रस्त्यावर गाडी जोमाने धावली. हे बळ नवे नव्हते. आमच्या हेळसांडीने हरवलेलेच परत आले होते. दर रविवारी वडील हीच कामे करीत. आम्ही शेजारी बसून पाहत असू. पान्हा मात्र कधी हाती घेतला नाही.